सुतकातली गोधडी

तुमाला हजारदा सांगितलं असेल, उठताना सुई काढून ठेवत जा. गोधडीत टोचून ठेवू नका, कुणाच्या तरी हातात जाईल. ऐकलं का कधी? "अगं, सुई तिथंच ऱ्हायली म्हंजी उद्या टाका कुठून घ्यायचा ते कळतंय," म्हणायचे आन् चालले पायात चपला सरकवून पाराकडं. मंग घ्या आता. तुमाला उचललं, खालची गोधडी गुंडाळायला भावजी वाकले, आन् सुई गेली त्यांच्या तळहातात. भर मयताच्या घरात तुमचा सख्खा भाऊ "आई गं" म्हणून वरडला. बाया रडायच्या थांबल्या. मला तर, खरं सांगते, हसूच फुटलं. मंग त्या हसण्याचंच रडू झालं आन् कुणाला काय कळलं न्हाई.

दुपारची वेळ होती. तुमी ओसरीवर गोधडी अंथरून तिच्यावरच बसलेले, हमेशासारखे. आपलं बोलणं बंद होतं. मी आतून इचारलं, "चहा टाकू का?" जबाब न्हाई. म्हणलं, अजून फुगलेत, फुगू द्या. बाहेर आले तर तुमी दाताखाली दोरा तोडायला वाकल्यावानी वाकलेले. दोरा काय तुटला न्हाई. डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, ते गालावरून खाली गेलं. असं कुणी जातंय का वो? भांडण अर्धं टाकून?

गावची रीत तुमाला ठाऊकच हाय. माणूस ज्या अंथरुणावर गेला, ते अंथरूण त्याच्या मागं घाटावर न्यायचं आन् तिथंच टाकून यायचं. भावजी रीतच करत होते, त्यांची काय चूक? पर ती गोधडी माझी होती. म्हंजी मला वाटत होतं माझी. तुमी तोंडानं कुठं बोलला होतात? आयुष्यभर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून आकडे वरडायला तोंड होतं, आन् बायकोला "ही तुझी" एवढं म्हणायला मात्र जीभ टाळूला चिकटली.

मी दुसरं टोक धरलं. भावजी तिकडून वढत्यात, मी इकडून.

"वैनी, सोडा."

"न्हाई सोडत."

"अवो, लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या घरात हायत की तुमच्या भावानं शिवलेल्या. माझ्या घरात एक तरी हाय का, बघा."

मागून कुणीतरी बोललंच, नवरा गेला आन् हिला चिंध्यांची पडलीय. बोलू द्या. तोवर घाटनांदूरहून आपली सुनी येऊन पोचलेली होती. लेक तुमच्यावर गेलीय, तिला तोडगा काढता येतोय. म्हणली, "काका, दहाव्याला सारं घर धुत्यातच. तवा गोधडीबी धुवू. धुतली तर ऱ्हाईल, न्हाई धुतली तर तुमी खुशाल न्या." भावजींनी हात चोखत चोखत मान हलवली. गोधडी गोठ्यात गेली. गोठा रिकामाच होता, बैल-गाय तर चारा छावणीत.

सुनी बोलून गेली, धुवू. पर धुवायला पाणी कुठं होतं? नदीत पोरं क्रिकेट खेळत्यात. टँकर येतोय तो असा, की बाया त्याच्या आवाजावर धावत्यात, आन् घरटी जे मिळंल त्यात माणसं, भांडी, कोंबड्या, सगळं भागवायचं. गोधडी धुवायची म्हंजी काय रुमाल हाय? वाहतं पाणी लागतंय, दगड लागतोय, तुडवायला दोन माणसं लागत्यात. आन् अर्धी शिवलेली गोधडी धुवायला टाकली की आतल्या चिंध्या गोळा होऊन एका कोपऱ्यात बसत्यात, नुसतं गाठोडं होतंय. म्हंजी धुवायच्या आधी पुरी करायची. पुरी करायची तर सुई धरायची. आन् सुतकात सुई धरायची न्हाई. बघा, कसं गुंतवून ठेवलंत मला. जाता जाता एवढं तरी सरळ करायचं.

सरळ करणं तुमाला कधी जमलं म्हणा. गोधडीचा टाकाबी वाकडाच.

मला तो दुष्काळ आठवतोय, ज्या साली कारखाना चाललाच न्हाई. उसाचं टिपरू उभं न्हाई तर कारखाना काय हवा गाळणार? तुमी सहकारी कारखान्याच्या वजनकाट्यावर, गाड्या आल्या की वजन, गाड्या गेल्या की वजन. त्या साली गाडीच न्हाई. शिरूरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आपलं गाव ओलांडून खाली कर्नाटकात गेल्या, आन् तुमी रिकाम्या काट्यावर दोन महिने जाऊन बसलात. मंग चेअरमननं सांगितलं, घरी बसा. घरी तुमी बसलात म्हंजी माझं डोकं खाल्लंत. भाकरी थापताना मागं उभं ऱ्हायचे, "ही जरा मोठी झाली." मी म्हणलं, जा, जनावरांसंगं छावणीत तरी जाऊन बसा.

आन् छावणीतच तुमाला हे येड लागलं. दिसभर जनावरापुढं बसायचं, चारा वाटला की काम संपलं. सगळे पुरुष पत्ते कुटायचे. तुमी घरून माझं जुनं लुगडं न्हेलंत, कारखान्यातलं पोतं शिवायचं दाभण घेतलंत, वर सुतळी, आन् शिवायला बसलात. त्यातला जगू म्हणला म्हणं, "काय बे तात्या, बाळंतविडा शिवतू का? कोण अडलंय?" सगळी छावणी हसली. तुमी म्हणलात, "हस बे. थंडी पडली की तूच मागायला येशील." थंडी पडली, आन् जगूच पहिला आला. ती पहिली गोधडी, सुतळीनं शिवलेली, अंगावर घेतली की माणूस साखरंचं पोतं वाटायचं. जगूनं ती परत दिलीच न्हाई.

मी तुमाला खरी सुई दिली, रीळ दिलं, धावदोरा कसा घालायचा ते दाखवलं. कडंनं सुरू करायचं, चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं, मधी आलं की संपलं. माझ्या आईनं मला असं शिकवलं. तुमी शिकलात, पर रेघ वाकडी ती वाकडीच. मी म्हणायचे, अहो, आधी खडूनं आखून घ्या. तुमी म्हणायचे, "जलमभर मापात काढला. आता मापात काय करायचं न्हाई." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

त्यानंतर पाऊस आला, कारखाना चालला, परत बंद पडला, परत चालला, तुमी रिटायर झालात. गोधड्या काय थांबल्या न्हाईत. तालुक्याच्या महिला सोसायटीच्या बाया आलत्या, म्हणल्या तात्या, आमाला करून द्या, आमी प्रदर्शनात ठेवतो, सगळ्या एका मापाच्या पायजेत. तुमी त्यांना चहा पाजला आन् वाटंला लावलं. मला राग आलता. निदान घरातलं कापड तरी वसूल झालं असतं.

कारण कापड कुठून यायचं? माझ्या ट्रंकंतून! बाईच्या आहेराच्या ट्रंकंला हात लावणारा पुरुष मी तुमच्याशिवाय पाहिला न्हाई. लग्नाकार्यात आलेले खण, टॉवेल, टोप्या मी जपून ठेवलेल्या. एकेका खणाला चिठ्ठी टाचलेली, कुणाकडून आलाय त्याची. कशाला टाचतात चिठ्ठी? आलेला खण पुढं दुसऱ्याच्या लग्नात द्यायचा असतोय, आन् ज्याचा त्याला परत जायला नको म्हणून. पोरीबाळींनाबी कळतंय हे. तुमी चांगले चांगले खण कापलेत आन् उरलेल्यांच्या चिठ्ठ्या काढून, वर नीट घड्या घालून ठेवलेत. म्हणं, टाचणी गंजत होती! मंग भावजींच्या पोरीच्या लग्नात मी जाऊबाईच्या वटीत खण घातला, तिनं उलगडून बघितला, तर तिनंच आपल्या सुनीच्या लग्नात दिलेला. काठाला तिच्याच हातचा हळदीचा डाग. भर मांडवात! माझं तोंड कुठं लपवू झालं. तवापासून ती माझ्या घरचं पाणी प्याली न्हाई. आन् तुमी? तुमी हसलात. "चला, खण सुखरूप घरी पोचला," म्हणलात. मी तुमाला आठ दिस जेवायला वाढलं ते ताट आपटून वाढलं.

चेअरमनचं तर काय सांगू. सभंत, निवडणुकीत मिळालेले फेटे, उपरणी, दोन्ही पॅनलची, तुमी एकाच गोधडीत शेजारी शेजारी शिवलीत आन् ती गोधडी न्हेऊन दिलीत चेअरमनला. त्यांच्या माणसानं बघितलं, विरोधकाचं उपरणं सायबाच्या छातीवर! तुमाला बोलावणं आलं. लोकं म्हणली, तात्याची आता खैर न्हाई. तुमी जाऊन म्हणलात, "सायेब, दोन्हीचा कापूस आपल्याच रानातला हाय. ऊब बघा, रंग काय बघता?" चेअरमन हसले म्हणून निभावलं.

जगूला दिली, चेअरमनला दिली, कारखान्याच्या वॉचमनला दिली, सुनीच्या लेकराला दिली, दिंद्रुडच्या बाजारात एक म्हातारी कुडकुडत बसलेली, तिला हातातली काढून दिली. आन् मी? मी सगळे हिवाळे सोलापुरी चादरीत काढले. घरची म्हणते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा, ती म्हण तुमच्याचसाठी केलीय कुणीतरी. मी बोलले की तुमी म्हणायचे, "बघू." ते "बघू" ऐकून ऐकून माझे कान किटले.

ही शेवटची तुमी सुरू केलीत तवा मी काय इचारलंच न्हाई. बघत होते नुसती. बारीक कामाची होती. कडंला माझं फाटकं हिरवं इरकल, त्याच्या आत तुमचं धोतर, त्याच्या आत सुनीचा शाळंतला निळा ड्रेस. टाकाबी जरा सरळ. मला आतून वाटायला लागलं, की ही... पर कोण बोलणार? तुमी फिरत फिरत मधी आलात. मधी हातभर जागा उघडी ऱ्हायली. आन् एक दिवस तुमी म्हणलात, "तुझं पिवळं दे."

पिवळं! माझ्या मामानं आणलेलं, लग्नात अंतरपाटापुढं मी ज्यात उभी ऱ्हायले ते! मी म्हणलं, येड लागलं का? ते मी कशासाठी जपलंय ठाऊक हाय का तुमाला? मी सवाष्ण जाणार. मला त्यात नेसवून, कपाळभर मळवट भरून न्यायचं. सुनीला मी सांगून ठेवलंय.

तुमचा चेहरा असा झाला, जशी काय मी थप्पडच मारली. म्हणलात, "म्हंजी मला मागं ठिवून जायचा बेत हाय तर."

"बाईमाणूस असंच मागतंय देवाकडं. तुमच्या आईनंबी मागितलं."

"आन् मी काय करू मागं? चूल कुणी पेटवायची? बोलायचं कुणासंगं?"

"गोधड्यांसंगं बोला!"

हे मी बोलले. रागात बोलले, आन् आताबी मला त्याचा पस्तावा न्हाई, कारण तुमी तसेच वागलात. त्या दिवसापासून तोंड शिवलंत. मधली जागा तशीच ठेवून कडंकडंचे टाके परत परत घालत बसायचे, नुसते मला दाखवायला. मी बी ट्रंकंला कुलूप लावलं आन् किल्ली कमरंला खवली. दोघंबी हट्टाला पेटलो. आन् मंग तुमी ते करून दाखवलंत. भांडण जिंकायला माणूस कुठवर जावा, याला काय हद्द?

तुमी गेल्यावर बाया माझ्या बांगड्या उतरवायला आल्या, तवा मला एकच डोक्यात, की आता ते पिवळं कशाला? कुणाला नेसवायचं? इतकी वर्षं डांबराच्या गोळ्या घालून जपलेलं, एका दुपारी फिजूल झालं. राग आला वो. रडू मागून आलं, आधी रागच आला.

सुतकात चेअरमन आले भेटायला. आता ते चेअरमन न्हाईत, तरी आपून तसंच म्हणतो. गाडी, चार माणसं, खुर्च्या. तुमचं नाव काढलं, इमानदार माणूस होता म्हणले, वजनात कधी किलोचा घोळ न्हाई. उठताना सगळेच म्हणत्यात तसं म्हणले, "वैनी, काय लागलं तर सांगा." म्हणायचं असतंय, त्यावर बाईनं पदर डोळ्याला लावून मान हलवायची असतीय. मी म्हणलं, "पाणी लागतंय. गोधडी धुवायचीय."

भावजींनी कपाळाला हात लावला. चेअरमनना वाटलं ऐकायला चुकलं. मी परत सांगितलं, "तात्यांची शेवटची हाय. दहाव्याला धुवायचीय, न्हाईतर घाटावर जातीय." माणूस चांगला, त्यांना आपली गोधडी आठवली असंल. म्हणले, "टँकर पाठवतो."

आन् पाठवलाबी. दहाव्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, आपल्या दारात टँकर! मी गोठ्यातून गोधडी आणली, अंगणात अंथरली, सुनीला म्हणलं सुई वव, आधी मधी चार टाके घालू, मंग धुवू. जाऊबाई कुंपणापाशी उभी. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्यासंगं बोलली, ती काय बोलली? "आक्का, सुतकात सुई धरू नका, वाईट असतंय."

मी म्हणलं, "आता अजून काय वाईट व्हायचं ऱ्हायलंय गं?"

ती म्हणली, "घरात अजून माणसं हायत, आक्का." सुनी मधी पडली. तिघींचं "सुतक असतंय, नसतंय" चाललंय, तोवर टँकरचा आवाज गल्लीला गेलेला. आल्या सगळ्या. हंडे, कळशा, तेलाचे डबे, ड्रम. कुणाच्या घरी बाळंतीण, कुणाच्या घरी पाव्हणा. मी "थांबा गं" म्हणलं, पर कसं थांबवायचं? तहानलेल्याच्या तोंडातून पाणी काढून चिंध्या भिजवायच्या? सगळ्यात आधी ड्रम लावला तो जाऊबाईनं. मी गोधडी घेऊन वळले तवा पाइपातून नुसती हवा फुसफुसत होती आन् डायवर म्हणत होता, "मावशी, सरलं."

बायांवर राग काढता येत न्हाई. चेअरमननं शब्द पाळला, त्याच्यावरबी न्हाई. आभाळ तर ऐकतच न्हाई. मंग ऱ्हायलं कोण? तुमीच. तुमच्या नावानं मी त्या रिकाम्या टँकरमागं उभी ऱ्हाऊन जे बोलले, ते परत सांगण्यासारखं न्हाई.

दहाव्याचं उरकून पुरुषमंडळी घाटावरून आली. भावजी डोकं भादरून, उघडेच, सरळ गोठ्याकडं. मी आधीच जाऊन गोधडीवर बसलेली.

"वैनी, धुतली का?"

"पाणी सरलं."

"मंग ठरल्यापरमानं द्या."

मी म्हणलं, "भावजी, हिला सुतक हाय म्हणून न्यायची ना? त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ही मांडी मी दहा दिस वल्या फडक्यानं पुसलीय नुसती. मंग मलाबी उचला. दोघींना एकदमच टाकून या."

मला वाटलं वरडतील. भावजी गव्हाणीवर बसले. सुईनं टोचलेला हात अजून सुजलेला, तो चोळत बसले. मंग म्हणले, "वैनी, एक सांगू? ही गोधडी माझी हाय."

मी गोधडीची कड मुठीत धरली.

"छावणीत म्हणला होता. पार त्या पहिल्या दुष्काळात. मी म्हणलं, दादा, जगूला दिली, मला? तर म्हणला, पुढची तुझी. तवापासून दर बारीला, पुढची तुझी. त्या खणाच्या भांडणानंतर तर मी इचारायचंबी सोडलं. सगळ्या गावाला ऊब दिली, सख्ख्या भावाला न्हाई. मंग ही जाऊ दे त्याच्यासंगं, म्हणलं. कुणालाच नको."

बघा तुमचे धंदे. मला "बघू", भावाला "पुढची". दोन माणसं म्हातारी झाली तुमच्या तोंडाकडं बघत बघत, आन् दोघं एका गोठ्यात बसून एका गोधडीवरून भांडतोय. त्या घडीला मला तुमचा जेवढा संताप आला, तेवढा पस्तीस वर्षांच्या संसारात आला न्हाई. आन् भावजींची तेवढीच कीव आली. मी गोधडीवरून उठायलाबी लागले होते. शब्द दिलेला, मंग त्यांचीच की.

उठता उठता हात मधल्या उघड्या जागंवर पडला, आन् मी तशीच थांबले.

"भावजी," मी म्हणलं, "ह्या मधल्या जागंला त्यांनी माझं पिवळं मागितलं होतं."

"कुठलं पिवळं?"

"लग्नातलं. अंतरपाटातलं. त्यावरूनच आमचं बोलणं बंद होतं."

मी इचारलं, "भावाच्या गोधडीत कुणी बायकोचं पिवळं घालतंय का?"

त्यांनी भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. मंग हसले, रडल्यासारखं. "न्हाई घालत," म्हणले. "न्हाई घालत, वैनी." उठले, उपरणं झटकलं आन् गेले. गोधडीला हात लावला न्हाई.

त्या भांडणाचा मी इतका राग राग केला. आन् तुमी मला ही गोधडी दिलीत, ह्याचा सगळ्या जगात तेवढाच पुरावा. अहो, दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगता येत नव्हतं का? "तुझ्यासाठी करतोय, म्हणून पिवळं दे," एवढंच म्हणायचं. मी दिलं असतं का? ठाऊक न्हाई. चार शिव्या घालून कदाचित दिलं असतं.

तेरावा झाला, पाव्हणे गेले. मी कमरंची किल्ली काढली. पिवळं बाहेर काढलं, उलगडलं, आन् ते घडीघडीवर चिरत गेलं. आवाजबी आला न्हाई. इतकी वर्षं मी ते हात न लावता जपलं, आन् ते ट्रंकंत बसल्या बसल्या कधी विरलं देवाला ठाऊक. आज मी सवाष्ण मेले असते, तर मला नेसवताना सुनीच्या हातात त्याच्या पट्ट्याच आल्या असत्या. मी जिच्यावरून भांडले ती वस्तू घरात नव्हतीच. तुमीबी नसलेल्या कापडासाठी रुसलात. काय म्हणावं दोघांना?

दोन घड्यांच्या मधला भाग तेवढा शाबूत निघाला. तो बरोबर मापाचा भरला असं काय न्हाई. कमीच पडला, मी कडंनं भावजींच्या जुन्या पटक्याचा तुकडा जोडला. मागायला गेले तर जाऊबाईनं दिला, वर पाणीबी दिलं, मी प्याले. ती काय आपल्या घरात अजून आली न्हाई. भावजींना सांगितलंय, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळालीय, ते झालं की तुमची करून देते, आन् मी "पुढची" म्हणत नसते, मी तारीख सांगत असते.

मधले टाके मी घातले. लोक बघतील तर सांगतील, कुठवर तात्याचा हात आन् कुठून तात्याच्या बायकोचा. माझा सरळ हाय. सरळच ऱ्हाईल. तुमच्या रेघंला जुळवून वाकडा टाका घालावा असं मनात आलतं, पर जमलं न्हाई, आन् खरं सांगू, घालणारबी न्हाई. भांडण संपलंय असं समजू नका.

भावजी परवा म्हणले, वैनी, एकदा पाऊस पडू द्या, नदीला पाणी आलं की आपून सगळे मिळून धुवू. मी न्हाई म्हणलं. नदी दुथडी वाहिली तरी ही धुवायची न्हाई. तुमी हिच्यावर गेलात, मी हिच्यावर झोपते, आन् मला जायचंय तेबी हिच्यावरच. सुनीला सांगून ठेवलंय. सवाष्ण म्हणून जायचं तर तुमी होऊ दिलं न्हाईत, पर पिवळ्यावरून जायचं मी सोडलेलं न्हाई. मी गेले की कुणी वढाताण करू नका म्हणलं, गावची रीत हाय ती करा. गुंडाळा आन् माझ्यासंगं घाटावर न्या.